छप्पर उकरलं की कौलं काढली?

विद्यार्थ्यांच्या गटात पहिल्यांदा बायबल अभ्यास घ्यायची पाळी आली तेव्हा मी सलग पन्नास मिनिटं बोलले. समोर सहाजण. दोघांच्या चहावर साय धरली होती आणि एकजण भिंतीवरच्या बायबल सोसायटीच्या कॅलेंडरात आपल्या वाढदिवसाचा वार शोधत होता. येशूच्या गोष्टींतला उधळ्या पुत्राचा दाखला होता. मी रडण्याच्या बेतात आले होते, ऐकणारे झोपेच्या. शेवटी मी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" कुणालाच नव्हता. आम्ही प्रार्थना केली आणि उठलो.

जिना उतरताना आमच्या गटातला दादा एवढंच म्हणाला, "छान झालं प्रवचन."

कोल्हापुरात कुणी शांतपणे कौतुक केलं की समजायचं, कुठंतरी माती खाल्लीय.

मी मूळची कोडोलीची. कोडोली म्हणजे मिशनचं गाव, मोठं चर्च, मिशनचा दवाखाना. माझं सगळं लहानपण शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात गेलं. दहाव्या वर्षी मला पर्वतावरचं प्रवचन पाठ होतं आणि त्याबद्दल मिळालेला प्लास्टिकचा डबा आई अजून शेंगदाण्याला वापरते. आजीला वाचता यायचं नाही, पण 'उपासना संगीता'तली ना. वा. टिळकांची गीतं ती भाकरी थापताना म्हणायची, तीही क्रमाने. सांगायचा मुद्दा, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मला 'येत होतं'. पाढे येतात तसं.

२०१८च्या जूनमध्ये शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला आले, वसतिगृहात राहिले आणि पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीनं विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन? मग आडनाव असलं कसं? आणि घरी इंग्रजी बोलता का?" आम्ही भांडतोसुद्धा कोडोलीच्या मराठीत, असं सांगितल्यावर ती हसली. पण तिचा पुढचा प्रश्न होता, "मग तुमच्या त्या पुस्तकात नेमकं काय आहे गं?" मी तोंड उघडलं आणि पाठ केलेली वचनं बाहेर पडली. तिनं मान डोलावली आणि फोन हातात घेतला. पाहुण्यांनी काढलेले लग्नाचे फोटो बघताना डोलावतात, तशी मान.

त्याच महिन्यात एका रविवारी उपासना सुटल्यावर गेटपाशी कुणीतरी म्हणालं, "चारला आम्ही विद्यार्थी बसतो, येतीस का?" गेले. शब्बाथ शाळेच्या खोलीत सातआठ पोरंपोरी, लहान मुलांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली. कुणी सायबर कॉलेजचं, कुणी इंजिनिअरिंगचं, कुणी नर्सिंगचं, बाकी आम्ही विद्यापीठातले. आणि दादा. तो विद्यार्थी नव्हता, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होता. पुण्यात शिकताना तो यू.ई.एस.आय.च्या, म्हणजे युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियाच्या, गटात होता. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांमध्ये चालवायची ही चळवळ देशात १९५४ साली सुरू झाली. पदवी झाली की गट विद्यार्थ्यांच्या हाती सोडून आपण मागं बसायचं, हा तिथला शिरस्ता. दादा खरोखरच मागं बसायचा. इतका मागं की सुरुवातीला मला तो चहा आणणारा वाटला होता. चहाही तोच आणायचा म्हणा.

त्या प्रवचनानंतरच्या गुरुवारी त्यानं मला तयारीला बोलावलं. पिशवीतून एक लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवला. पंपाच्या कुठल्याशा भागाचं नापास झालेलं कास्टिंग.

"काय दिसतं?"

"खराब आहे," मी म्हणाले.

"ते माझं मत झालं, तू उचललंस. दिसतं काय?"

मी बघितलं. एका कडेला तीन भोकं, मसुराएवढी. दोन जवळजवळ, एक लांब. आतून गुळगुळीत.

"आता कसं! आमच्याकडं नवीन पोरगं येतं ते कास्टिंग हातात घेतल्या घेतल्या सांगतं, वाळू ओली होती. असंलही. पण आधी भोकं मोजायची, कुठल्या बाजूला आहेत ते लिहायचं. कारण नंतर. आणि साच्यात काय सुधारायचं ते त्याच्याही नंतर. तू रविवारी डायरेक्ट साचा सुधारायला बसलीस."

निरीक्षण, अर्थ, लागूकरण अशी या पद्धतीची तीन नावं मला नंतर कळली. पुस्तकांतून ती फार गुळगुळीत वाटतात. माझ्या डोक्यात ती अजून त्या तीन भोकांसकट आहेत.

तयारी अशी असायची. रविवारचा उतारा टाईप करून कागदावर घ्यायचा, वचनांचे आकडे आणि मधले मथळे काढून टाकायचे, दोन्ही बाजूंना भरपूर समास सोडायचा. आकडे काढले की काय होतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. 'अमुक अध्याय तमुक वचन' म्हणून वेगवेगळं पाठ असलेलं सगळं अचानक एका माणसानं सांगितलेली हकीकत होऊन जातं. मग रंगीत पेन्सिली. माणसं एका रंगात, जागा दुसऱ्या, वेळ तिसऱ्या. परत परत येणारा शब्द चौकटीत. 'पण', 'म्हणून', 'तेव्हा' या बारक्या शब्दांना गोल. त्यानंतर प्रश्न लिहायचे आणि त्यातले निम्मे खोडायचे. ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येतं तो प्रश्न बाद. ज्याचं उत्तर 'येशू', 'प्रार्थना' किंवा 'विश्वास' यांपैकी काहीही चालतं, तो तर आधी बाद. माझ्या पहिल्या यादीत चौदा प्रश्न होते. राहिले तीन.

आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. दादानं सांगितलं होतं, मनात वीसपर्यंत मोज. वीस म्हणजे किती हे मला त्या खोलीत कळलं. सात-आठला कपाळावर घाम येतो. बाराला आपणच उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. पंधराला कुणीतरी खोकतं.

डिसेंबरात खोली गेली. नाताळच्या नाटकाच्या तालमीसाठी चार रविवार हवी आहे म्हणाले. जानेवारीत गेलो तर दुसरं कुलूप. त्या मंडळीचं नाव मी सांगणार नाही, तिथल्या वडीलधाऱ्यांचंही अगदीच चुकलं असं आता वाटत नाही. कुणाला वाटलं पोरं दुसऱ्या पंथात जातील, कुणाला वाटलं पोरापोरींनी दारं लावून दोन-दोन तास करायचं काय. दारं आम्ही डासांसाठी लावत होतो. पण एकानंही समोर येऊन विचारलं नाही, कुलूपच बदललं, हे मात्र मला लागलं. मग दोन रविवार विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसलो. मोर ओरडायचे आणि वॉचमन दर अर्ध्या तासानं येऊन "कसली मीटिंग?" विचारायचा. शेवटी दादाची राजारामपुरीतली दोन खोल्यांची जागा. खाली घरमालकीण मावशी. त्यांच्या अटी दोनच, चपला जिन्यात नकोत आणि गाणी सातच्या मालिकेच्या आधी उरकायची.

असेच बेघर असताना एकदा वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाताना दादानं गाडी बाजूला घेतली आणि मला इतिहास सांगितला. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, हे मला ठाऊक होतं, आमच्याकडं सगळ्यांनाच असतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथं कोल्हापुरातच जन्मला, हे ठाऊक नव्हतं. पुढं अमेरिकेत १८८६च्या उन्हाळ्यात तो माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिराला गेला. शिबिर संपेपर्यंत १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याला जायची तयारी दाखवली. त्यातून जी विद्यार्थी-चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हा कोल्हापूरचा पोरगा. "आणि आपण सातजण खोली शोधतोय," मी म्हणाले. दादा म्हणाला, "त्यांना खोली होती, एवढाच फरक." त्याचे विनोद असेच असत. मला त्या शंभरांपेक्षा दुसरीच गोष्ट डोक्यात राहिली. ज्या गावात आपण आडनावाचा खुलासा देत फिरतो, तिथंच हा जन्मला होता.

२०१९च्या जानेवारीत मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कानं लिहिलेली येशूची हकीकत, धरलं. सोळाच अध्याय, सगळ्यांत आटोपशीर आणि मार्क पळत सांगतो, दर दोन ओळींनी 'लगेच'. तोवर गटात तिघांची भर पडली होती. आजऱ्याची एक कॅथलिक मुलगी, जिच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि आमच्या प्रोटेस्टंटांच्यात ६६, यावरून पहिले दोन रविवार गेले. कोल्हापुरातलीच एक, जी इथल्या अस्सल मुलींसारखी "मी येतो, मी जातो" म्हणायची. आणि जत तालुक्यातल्या एका वाडीवरचा भूगोलाचा पोरगा. हा बोलायचाच नाही. दाराजवळ बसायचा, प्रार्थनेत "आमेन" तेवढं मोठ्यानं.

दुसरा अध्याय. कफर्णहूम गावातलं घर, आत येशू, दाराबाहेरपर्यंत गर्दी, चौघांनी उचलून आणलेला पक्षघाती माणूस. आत जाता येईना म्हणून ते वर चढतात, छप्पर उघडतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. ही गोष्ट मला झोपेत सांगता आली असती. शब्बाथ शाळेत फ्लॅनेलच्या बोर्डावर चौघं आणि मधोमध भोक, असं चित्र असायचं. माझ्या डोळ्यांपुढं कायम आमचंच कोडोलीचं घर यायचं. मंगलोरी कौलं, पावसाळ्याआधी बाबा वर चढून फुटकी बदलणार, मी खालून नवी देणार. चार कौलं सरकवली की आभाळ दिसतं. त्यात काय एवढं?

मी विचारलं, "छप्पर उघडायला त्यांना काय काय करावं लागलं असेल?"

मोजायला लागले. एक, दोन... नऊला कोल्हापूरची म्हणाली, "कौलं काढली असणार की." आजऱ्याचीनं लूकच्या शुभवर्तमानातली हीच गोष्ट काढून दाखवली, त्यात कौलांचाच उल्लेख आहे. झालं. मी पुढच्या प्रश्नाकडं वळणार, तेवढ्यात दादानं मागून नुसता हात वर केला, थांब म्हणून. मी पुन्हा मोजायला लागले. पंखा करकरत होता. खाली मावशींच्या कुकरची शिट्टी झाली.

"कौलं न्हाईत," दाराजवळून आवाज आला. जतकर. "मार्कात उकरलं म्हनलंय. कौलं कोन उकरतंय?"

सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं मान खाली घातली, पण थांबला नाही. "आमच्याकडं माळवद असतंय. पाऊस नसतोय ना तिकडं. खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या न्हाईतर काटक्या, वर पाला आन् त्याच्यावर हातभर माती. दर वर्षी पावसाच्या आधी नवीन माती टाकून चोपायची. वर बसतोय, झोपतोय, मिरच्या वाळवतोय. त्याला भोक पाडायचं म्हंजे कुदळ लागती. आन् माती सगळी खाली पडती."

"कुणाच्या अंगावर?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.

"खाली बसलेल्यांच्या. येशूच्याबी." मग जरा थांबून, "शास्त्री बसलेत म्हनलंय की तिथं. पांढरी कापडं घालून."

आम्ही हसलो आणि मग हसायचं थांबलो, कारण खोली एकदम मातीनं भरली होती. त्यानंतरचा तास मला बोलावंच लागलं नाही. भोक केवढं? बाज पायांसकट उतरवायची तर केवढंतरी. मग बाज नसणार, वाकळ असणार, इति जतकर. दादानं तेवढ्यापुरतं तोंड उघडलं. मूळ ग्रीकमधला शब्द गरिबाच्या साध्या अंथरुणाचाच आहे म्हणाला, आणि कफर्णहूमच्या उत्खननात जी घरं निघालीत ती काळ्या बेसॉल्टच्या दगडाची. म्हणजे आपल्याच काळ्या फत्तराची. वर लाकडं आणि माती. लूक कौलं का म्हणतो मग? त्याच्या वाचकांच्या गावात कौलं असतील, जशी माझ्या गावात आहेत. मी इतकी वर्षं लूकचं छप्पर डोक्यात ठेवून मार्क वाचत होते. आजऱ्याचीनं दुसरंच काहीतरी बोट ठेवून दाखवलं. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय, त्याचा एकट्याचा नव्हे. ते चौघं तर शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. उकरतात नुसते.

बारा वचनांना दोन तास दहा मिनिटं लागली. मालिका सुरू झाली, गाणं राहूनच गेलं.

सगळे रविवार असे नव्हते, उगाच कुणाचा गैरसमज नको. बहुतेक सुकेच. सेमिस्टर परीक्षेत तिघंच यायचे. लागूकरण हा भाग आम्हाला शेवटपर्यंत जमला नाही. "मी प्रार्थनेत वाढायला पाहिजे" असं कुणी म्हणालं की दादा विचारायचा, "कुठल्या वारी? किती वाजता?" आणि समोरचा लाल व्हायचा. एका पोरानं मेसमधल्या आजारी मित्राला आठवडाभर डबा नेऊन देतो म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं आणि एकच दिवस नेला. पुढच्या रविवारी आम्ही विचारलं, मग तो तीन रविवार आलाच नाही. विचारायचं की नाही, यावर माझं आणि दादाचं अजून एकमत नाही.

दुसरी एक गंमत. नवीन आलेला एक इंजिनिअरिंगचा पोरगा दोन आठवडे धुमसत होता. शेवटी त्यानं बायबलमधलं पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र उघडलं. स्त्रीनं शिकवू नये असं पौल लिहितो, मग ताई अभ्यास कसा घेतात? मी उत्तराला तोंड उघडणार, तर जतकर म्हणाला, "ती कुठं शिकवतीया? ती तर नुसती इचारतीया." वाद तिथं मिटला नाही, पण पोरगा टिकला. आणि मला ते ऐकून आनंद झाला की राग आला, हे मी आजही नीट सांगू शकत नाही.

सहाव्या अध्यायाशी आलो आणि ऑगस्टात पूर आला. शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली, दादा पलीकडं कंपनीत अडकलेला, शाहूपुरीत पाणी, गाड्यांना पेट्रोल मिळेना. पाच हजारांना जेवू घालण्याचा उतारा छापून तयार होता, त्याचे कागद मी नंतर चपात्या बांधायला वापरले. वसतिगृहातल्या मुलींबरोबर तीन दिवस चपात्या लाटत होतो. माझ्या खोलीतली ती, आडनाव विचारणारी, शेजारीच बसून लाटत होती. एका पुडक्यावरचं तिनं वाचलं, "'तुम्हीच त्यांना खायला द्या.' हे त्या पुस्तकातलं?" हो म्हणाले. "पुढं काय होतं?" मी सांगायला लागले, मग थांबले आणि तिला कागद दिला. ती पिठाच्या हातानं वाचत बसली. मग म्हणाली, "बारा टोपल्या उरल्या. त्या कुणी मोजल्या असतील?" मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. ती नंतर गटात आली वगैरे काही नाही. पण अधूनमधून विचारायची, "मोजणारा सापडला का?"

दिवाळीनंतर मी गट जतकराकडं दिला. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट गळ्याशी आलेला. तो नको नको म्हणत होता. गुरुवारी त्याच्या तयारीला मी बसायचे. त्याच्या यादीत पहिल्यापासूनच तीन प्रश्न असायचे, खोडायला काहीच नसायचं. आणि वीस मोजायचं त्याला शिकवावं लागलं नाही. तो साठपर्यंत बसू शकायचा. आमचाच जीव जायचा.

शेवटचा अध्याय १५ मार्च २०२०ला आला. त्या आठवड्यात कॉलेजं बंद झाली होती, वसतिगृह रिकामं होत होतं, माझी बॅग दादाच्या दाराशी. सातजण होतो, एकमेकांपासून जरा लांब बसलेले, ते किती लांब बसायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. जतकरानं छापून आणलेला उतारा आठव्या वचनाला संपत होता. स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. खाली कोरा कागद.

"मार्क इथंच थांबला आसंल, तर का?" त्यानं विचारलं आणि गप्प बसला.

मी मोजत होते. पंचविसाला कोल्हापूरची म्हणाली, "ए, माझ्या पुस्तकात पुढं आहे की. वीसपर्यंत वचनं आहेत. तू कागद चुकीचा छापलास." इंजिनिअरिंगवाल्यानं आपलं इंग्रजी बायबल काढलं, त्यात टीप होती की सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नवव्या वचनापासूनचा भाग नाही. म्हणजे कुणीतरी नंतर जोडला? देवाच्या वचनात जोडतात का असं? आजऱ्याची म्हणाली, आमच्यात तो भाग वाचतात. मग शेवट हरवला असेल, पानं फाटली असतील. नाहीतर त्याला तेवढंच सांगायचं असेल. पण भ्यालेल्यांनी सांगितलंच नाही, तर मार्कला कुणी सांगितलं? जतकर प्रत्येकाकडं बघत होता आणि बोलत नव्हता. दादा चहा गाळत होता.

मला सव्वासहाची एसटी धरायची होती. मी चपला घातल्या, जिन्यात होत्या, मावशी काही बोलल्या नाहीत. खालपर्यंत आवाज येत होता. वाठारला गाडी थांबली तेव्हा आजऱ्याचीचा मेसेज आला, "अजून भांडताहेत. मावशी वर आल्या होत्या, मला वाटलं ओरडणार. त्या बसल्यात."

मी कळवलं, राहिलेलं पुढच्या रविवारी बघू. पुढचा रविवार बावीस तारखेचा, जनता कर्फ्यूचा.